बाराव्या मिनिटाचा पट्टा

"हा बघ, पुन्हा आलाय," असं म्हणत गंधालीने पेनाचं टोक स्क्रीनवर इतक्या जोरात आपटलं, की शक्य असतं तर तंत्रज्ञ कृणालने आपला दोन टनांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उचलून बाजूला ठेवला असता.

स्क्रीनवर एक तार होती, केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक. अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत डॉ. गंधाली गेली तीन वर्षं अशा तारा उगवत होती. चकतीवर सोन्याचे सूक्ष्म थेंब ठेवायचे, भट्टी तापवून आत वायू सोडायचे. मग थेंबाखाली अणूंचा थरावर थर बसतो आणि तार वर येते. सगळी गोम त्या थरांत होती. ताटात लाडू रचताना तिसरा थर पहिल्याच्या बरोबर डोक्यावर बसतो, नाहीतर थोडा सरकून बसतो. अणूंचंही तसंच. दोन्ही रचना चांगल्या, पण एका तारेत एकच हवी. भट्टी जरा डगमगली की रचना मधेच बदलते आणि तिथे पट्टा उमटतो. गंधालीच्या प्रत्येक तारेवर असे दोन पट्टे होते, नेहमी त्याच दोन जागी.

आज सोमवार. शुक्रवारी दुपारी तज्ज्ञांची समिती येणार होती. तारा बिनपट्ट्याच्या दिसल्या तर प्रकल्पाला आणखी तीन वर्षं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्या गाशात कृणालची कंत्राटी नोकरीही होती.

"तार मिनिटाला किती वाढते ते आपल्याला माहीत आहे," गंधाली म्हणाली. "म्हणजे पहिला पट्टा बाराव्या मिनिटाचा, दुसरा एकतिसाव्या. आपण भट्टी अकराला सुरू करतो. अकरा वाजून बारा मिनिटांनी या बिल्डिंगमध्ये काय होतं?"

"चहा," कृणाल म्हणाला.

"आणि अकरा एकतीसला?"

"वरच्या मजल्याचा चहा."

चहा करायचे स्टोअरकीपर श्यामसुंदरकाका. पॅसेजमधल्या सॉकेटवर त्यांची मोठी विजेची किटली होती, आणि गंधालीने तपासलं तर ते सॉकेट भट्टीच्याच लाइनवर निघालं. ती तडक स्टोअरमध्ये गेली.

"मॅडम, एकोणीस वर्षं तिथेच चहा होतोय," काका शांतपणे म्हणाले. "तेव्हा तुमची भट्टी नव्हती."

"काका, तुमच्या एका उकळीने माझी आख्खी खेप वाया जाते."

काकांनी वाद घातला नाही. वायर गुंडाळली, किटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "जमा करून घ्या. पावती द्या."

मंगळवारी अकराला सगळी संस्था चहाला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेली. नेमका सव्वाअकराला हायड्रोजनचा सिलेंडर आला. सही करायला स्टोअरमध्ये कोणी नाही म्हणून टेम्पो तसाच परत गेला. सिलेंडर नाही म्हणून भट्टी नाही. गंधाली तणतणत संचालकांकडे, डॉ. प्रबुद्ध गोडांब्यांकडे गेली. ते भले गृहस्थ. त्यांनी लगेच परिपत्रक काढलं: 'डॉ. गंधाली यांच्या सूचनेनुसार अकरा ते बारा या वेळेत अनावश्यक विद्युत उपकरणे बंद ठेवावीत आणि कोणीही जागा सोडू नये.'

अनावश्यक म्हणजे काय, ते ठरवायचं काम इलेक्ट्रिशियनकडे आलं. बुधवारी अकराच्या ठोक्याला त्याने लिफ्ट बंद केली. पुन्हा आलेला सिलेंडर तळमजल्यावर, लॅब तिसऱ्या मजल्यावर, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधे, लिफ्टमध्ये, डॉ. गोडांबे. ते बाराला बाहेर आले. घाम पुसत गंधालीला एवढंच म्हणाले, "तारा चांगल्या येऊ देत, डॉक्टर."

आता तिच्याशी लॅबबाहेरचं कोणी बोलत नव्हतं. अकाउंट्सच्या रश्मीने तिला पाहून मान फिरवली. फिरवू दे, गंधालीने मनात म्हटलं, विज्ञान काय ह्यांच्या कपबशीत मावतं?

गुरुवारी अकराला इमारत अशी गप्प होती, की कोणी फाइल मिटली तरी ऐकू यावं. भट्टी चालू झाली, तारा उगवल्या. दुपारी कृणालने चकती मायक्रोस्कोपखाली ठेवली. तार आली. दोन पट्टे. त्याच जागी.

गंधाली खुर्चीत बसली.

"मॅडम, एक बोलू? चिडू नका."

"मी अजून कुठे चिडलेय?"

कृणालने तो विषय सोडून दिला. "मी आज भट्टीच्या खिडकीच्या बाजूने दुसरा तापमापक लावला होता. आपला नेहमीचा मागच्या बाजूला आहे, त्याला काही कळत नाही. ह्याने बाराव्या मिनिटाला तापमान आठ डिग्री उतरलेलं दाखवलं. एकतिसाव्याला परत."

"मग? कोणी काय लावलं होतं?"

"काही नाही. तुम्ही खिडकीवरचं झाकण उचलून आत बघत होता."

"एक क्षणभर. रंग नीट आलाय का बघायला."

"दीड मिनिट, मॅडम. आणि दुसऱ्यांदा?"

दुसऱ्यांदा ती नुसतीच बघत होती. राहवत नाही म्हणून. तीन वर्षं, प्रत्येक खेपेला, त्याच दोन मिनिटांना.

चार वाजता ती किटली घेऊन स्टोअरमध्ये गेली. परिपत्रक मागे घ्यायला लावते म्हणाली. चूक माझीच होती, असंही म्हणाली. ते जरा हळू.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "उद्या पुन्हा लावणार ना भट्टी?"

"सकाळी. समिती तीनला येतेय."

"मग मी झाकणापाशी बसतो. यंत्र कृणाल बघेल. तुम्ही बाहेर थांबा."

"काका, माझी लॅब आहे ती."

"म्हणूनच." काकांनी चष्मा काढून पुसला. "आमची ही उकडीचे मोदक करते तेव्हा मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. मी झाकण उघडून बघतो म्हणून. तेव्हापासून एकही मोदक फुटलेला नाही. मला वाईट वाटायचं आधी. मग सवय होते."

शुक्रवारी गंधाली पॅसेजमध्ये येरझारा घालत राहिली. बाराव्या मिनिटाला तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला आणि तिने तो दुसऱ्या हाताने खाली ओढला. दुपारी समितीने पाहिलेली तार बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच रचनेची होती. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, इतकं काटेकोर नियंत्रण कसं साधलंत? गंधालीने भट्टीच्या तापमानाबद्दल पाच मिनिटं सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

तीन वर्षं मिळाली, कृणालची नोकरीही टिकली. पण पुढच्या सोमवारी अकराला गंधाली लॅबकडे आली, तर दाराला आतून कडी होती.

"काका, समिती झाली. आता मी बसते ना आत."

"काम चाललंय," आतून आवाज आला.

"निदान कशा उगवतायत ते तरी सांगा."

"ते मला काय माहीत? मी झाकण उघडलेलं नाही."