कडंच्याला मिळायलंय का?

बसप्पाण्णा लग्नाच्या पंगतीत बसला की यजमान वाढप्यांच्या मागं मागं फिरायचा. वाढपी वरणाची बादली घेऊन पहिल्या पानापाशी वाकला की हा मधूनच पंगतीच्या टोकाच्या पानाकडं बोट करून म्हणे, "थांब. कडंच्यापासून ये." वाढप्यानं ऐकलं नाही, तर उठून बादलीच काढून घेई. एकदा यापायी नवऱ्या मुलाच्या बापाच्या पानावर तूप सगळ्यांत शेवटी पडलं आणि सोयरीक मोडता मोडता राहिली.

हा आमचा मोटारमिस्त्री. निजामाच्या राज्यात मोटारी अजून नवलाईच्या होत्या तेव्हाची गोष्ट. हुमनाबादेत माझं शिलाईचं दुकान आणि त्याची पत्र्याची शेड, दोन्हींत एकच भिंत. त्याची खाकी बंडी मीच शिवायचो, पण मापाला हा गृहस्थ कधी उभा राहिला नाही. "पोत्याला तीन भोकं पाड," एवढंच सांगायचा. अशा गिऱ्हाइकानं शिंप्याची अब्रू जाते, हे त्याला पटत नसे.

शेड आणि तिथली उतारूंची मोटार, दोन्ही गावातल्या शेटजींची. ही मोटार बिदरच्या वाटेवरच्या चढाला भरल्या पोटी खोकायची आणि उतारू खाली उतरून ढकलायचे. शेवटी शेटजी म्हणाले, "जत्रेआधी गाडी चढली न्हाई तर सोलापूरचा मिस्त्री आणतो. तू शेड रिकामी कर." बसप्पाण्णाला त्या शेडीशिवाय जग नव्हतं. बायको वारल्यावर घर भावांना सोडून तो तिथंच निजायचा.

दोष सापडला तो एका फाटेदार लोखंडी नळात. इंजिनाच्या चारी सिलिंडरांना हवा आणि पेट्रोलची वाफ याच नळातून जाते. शेटजी त्याला मॅनिफोल्ड म्हणत, बसप्पाण्णा 'वाढपी' म्हणे. "मधल्या दोघांना पोटभर वाढायलाय, कडंचे दोघं उपाशी. मग चढ कसा चढंल?"

शेटजींनी सोलापुराहून नवा, चकचकीत, चांगला जाडजूड नळ आणला. बसप्पाण्णानं तो उभा धरून वरून तांब्याभर पाणी ओतलं. मधल्या दोन तोंडांतून धो धो पाणी आलं, कडेच्या तोंडांतून नुसती धार. "तोंड बघून वाढणारा हाय," म्हणत त्यानं तो बाजूला ठेवला. शेटजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग त्यानं एका मोडक्या मोटारीचा गंजका नळ काढला. त्याचे फाटे सारखे होते, पण आतून खडबडीत, आणि त्याची तोंडं इंजिनाच्या तोंडांशी जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात. "अक्का, चिमूटभर कुंकू द्या. इंजिनाला पाहिजे."

माझी बायको माझ्याकडं बघायला लागली. सगळ्या गल्लीत चर्चा झाली की मिस्त्री इंजिनाशी लग्न लावायलाय. तो मात्र कुंकू तेलात कालवून इंजिनाच्या तोंडांभोवती लावी आणि त्यावर नळ दाबे. नळावर उमटलेल्या लाल रेघेच्या आत जेवढं लोखंड दिसे, तेवढं कानशीनं घासून काढी. मग करंगळी आत घालून डोळे मिटे. कुठं बोचलं की पुन्हा घासणं. भिंतीपलीकडच्या त्या खरखरीनं माझे दात आंबले. कुंकवासाठी तो रोज यायचा आणि बायको करंडा पुढं करायची.

चढाच्या दिवशी वजनाला म्हणून मलाही मोटारीत कोंबलं. बसप्पाण्णा अर्थातच मागच्या टोकाला. चढ लागला. सगळे ढकलायच्या तयारीनं धोतरं खोचून बसलेले. इंजिन गुरगुरलं, पण खोकलं नाही. मागून त्याचा आवाज आला, "चारी जेवायलेत." आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा खोचलेली धोतरं तशीच होती.

शेड वाचली. त्या आनंदात मी त्याला जेवायला बोलावलं. पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, भाकरी, शेंगांची चटणी. दोन पानं मांडली होती. तो बसेना.

"अक्काचं पान कुठाय?"

"ती मागनं जेवती."

"मागनं काय उरतंय, बघितलास व्हय कधी?"

मी हसलो. तो हसला नाही.

"आमचं घर मोठं. माझी गंगव्वा सगळ्यांना वाढायची आन् शेवटी जेवायची. मी पहिल्या पानाला. ती वाळत चालली. कामून वाळायलीय म्हणून मी वैद्याला विचारलं, देवाला विचारलं. चुलीपशी जाऊन भांड्यात बघावं, तेवढं न्हाई सुचलं."

हे त्यानं नटबोल्टांबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं. मी उठून तिसरं पान मांडलं.

बायको पदर सावरत कडेला बसली. वाढायला तोच वाकला, तिच्यापासून. परक्या माणसासमोर ती लहान लहान घास घेत होती. अर्धी भाकरी खाऊन ती हळूच म्हणाली, "पुरे, अण्णा."

"कडंच्यानं पुरे म्हणू न्हाई, अक्का," म्हणत त्यानं आणखी एक भाकरी वाढली. आणि तिनं ती संपवीपर्यंत हातात भाजीचा डाव धरून, चढावर इंजिनाकडं कान लावायचा तसा, तिच्या पानाकडं बघत उभा राहिला.