तायडे सर आडवे पडतात

आमच्या राजापेठेतल्या इमारतीत तायडे सरांना चहाला बोलावलं, की ते आधी चहा संपवतात आणि मग जमिनीवर आडवे पडून हातपाय झाडतात. आपण त्यांना कुशीवर वळवायचं. चुकलं की उठून बसतात. "तोंडात चमचा कावून घालून राहिल्या? माह्या दातांशी दुश्मनी हाय काय?"

सर निवृत्त पीटी शिक्षक. शाळा सुटली, कवायत सुटली नाही. मिरगीचा झटका आलेल्या माणसाला कसं सांभाळायचं, हे अख्ख्या इमारतीला आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कांदा हुंगवला, शून्य मार्क. जोडा हुंगवला, तर पार्किंगला एक चक्कर. हातपाय दाबून धरले तरी चक्कर. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवल्या, डोक्याखाली मऊ काही ठेवलं, घड्याळ बघितलं, की शाब्बास. "पाच मिनिटांच्या वर गेलं तं सरळ दवाखाना." दुसऱ्या मजल्यावरच्या शबानाभाभींना दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क हसल्याबद्दल कापला.

हे खूळ आलं कुठून, असं मी दोनदा विचारलं. "शिकून ठेवाव मानसानं," एवढंच उत्तर. एकटेच राहतात. गाडी चालवत नाहीत, कुठेही पायी जातात. दाराला कडी लावत नाहीत. "चोर काय नेईन? शिट्टी?"

मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून मीटिंग होती. सेक्रेटरी मी. बोलता बोलता सर खुर्चीवरून घसरले आणि हातपाय झाडू लागले.

"झालं यांचं सुरू," कोणीतरी म्हणालं.

आम्ही कंटाळलेलो, पण सगळं बिनचूक केलं. खुर्च्या सरकल्या. शबानाभाभींनी ओढणीची घडी डोक्याखाली सारली. कोणी कांदा आणायला पळालं नाही. झटके थांबले तसं सरांना कुशीवर वळवलं.

"दोन मिनिटं," मी घड्याळ बघून म्हटलं. "उठा सर, मार्क सांगा."

सर उठले नाहीत. पायजमा ओला झाला होता.

मी टेबलावरची चादर ओढून त्यांच्यावर घातली आणि मंडळींना घरी पाठवलं. भाभी आणि मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मला ओळखलं.

"मॅडम, अकोल्याले फोन केला काय?" अकोल्याला त्यांची मुलगी असते.

"नाही."

"नोका करू. पोरगी मले घेऊन जाईन. तिथं कोनाले काही शिकवलं नाही मी."

फोन मी केला. लपवालपवी मला जमत नाही. पण तिला म्हटलं, न्यायचं नंतर बघू. आधी चार दिवस इथे शिकायला ये.