दिघ्यांचं न दिसणारं पिस्तूल

मे महिन्यात नोएडात लोकरीचा कोट घालून फिरणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर राहणारे दिघे. लू, म्हणजे तिकडचा भाजणारा वारा, अशी सुटायची की कुत्रीसुद्धा गटारात बसून राहायची, आणि हे कोटाची सगळी बटणं लावून दुधाच्या बूथवर हजर. तोंडावरून घामाच्या धारा, उजवा खांदा वर, डावा खाली. कारण कोटाच्या आत, लेंग्याच्या नाडीत, त्यांनी भाजीवाल्याकडून मागून आणलेलं लोखंडी वजन खोचलेलं असायचं.

"सवय करतोय, वहिनी," जिन्यात माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले. "पिस्तूल घेतोय. छोटंसं, कपड्यांच्या आत राहील असं. पण कुणाला कळता कामा नये."

"मग मला कशाला सांगताय?"

"तुम्ही घरच्या."

घरचा तो भाजीवालाही होता. वजन कशाला पाहिजे ते त्याला सांगावंच लागलं. मग धोबी घरचा झाला, चौकीदार घरचा झाला, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली घरची झाली. थोड्याच दिवसांत पोरं त्यांना 'पिस्तौलवाले अंकल' म्हणायला लागली. दिघ्यांना वाटायचं, बातमी चौकीदाराने फोडली.

एकदा बूथवर टोकन टाकायला ते वाकले आणि नाडी सैल झाली. वजन लेंग्याच्या आतून घरंगळत खाली आलं आणि मागच्या सरदारजींच्या अंगठ्यावर पडलं. सरदारजी एका पायावर नाचले. दिघे वजन उचलत म्हणाले, "माफ करना जी, अभी प्रॅक्टिस चल रहा है." सरदारजींनी वजनाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि दूध न घेताच गेले.

दिघ्यांना मी दिल्लीच्या आर. के. पुरमपासून ओळखते. तिथे सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून होतो. ते कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. रिटायर झाल्यावर त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला, आणि माझ्या मुलाने त्यांच्याच डोक्यावर घेतला. तेव्हा नोएडा म्हणजे निम्मे फ्लॅट आणि निम्मं सरसोचं शेत. पण बाजार मात्र असा फुगला होता की विचारू नका. ज्या स्कूटरसाठी दिघ्यांनी तरुणपणी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, ती आता दुकानदार पाया पडून विकत होते. दिघ्यांना याचा मोठा आनंद. "चॉइस, वहिनी! आयुष्यात पहिल्यांदा चॉइस आहे!" घ्यायचं काहीच नसायचं, पण बघून यायचे सगळं. कुकर घ्यायचा तर आधी सगळी दुकानं पालथी घालणार, झाकणं उघडून वास घेणार, आणि शेवटी सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत छोटा आणणार. शालिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यात दोन माणसांचा भात दोनदा लावायची.

पिस्तुलाचंही तेच चाललं होतं. स्वस्त हवं, कारण पेन्शन. छोटं हवं, कारण दिसता कामा नये. आणि चांगलं हवं, कारण दिघे.

पण पिस्तुलाच्या मागे कारण होतं, ते सांगते. थंडीच्या शेवटी संध्याकाळी हे दोघं फिरायला निघाले होते. ट्रान्सफॉर्मरच्या वळणावर मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने शालिनीच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं आणि गेले. तिच्या मानेला वळ आला. दिघे शेजारी उभे होते. ओरडले नाहीत, धावले नाहीत, हातातली पिशवीसुद्धा खाली पडली नाही. खांबासारखे उभे राहिले. एक-दोन दिवसांनंतर शालिनी घराबाहेर पडेना. भाजी गॅलरीतून टोपली सोडून घ्यायची. आर. के. पुरमला ही बाई बस बदलत करोल बागेपर्यंत एकटी जायची, आणि इथे गेटपर्यंत येईना. दिघ्यांनी डोक्यात घेतलं, की पिस्तूल आलं म्हणजे ही पुन्हा फिरायला येईल. शालिनीला मी विचारलं, "तुला पाहिजे का ते पिस्तूल?" ती म्हणाली, "त्यांना बघत फिरू दे. निदान तेवढा वेळ ते हसतात."

एक दिवस दिघे मला म्हणाले, "वहिनी, दुकानात चला. बायकांची नजर पाहिजे. कपड्यातून दिसतं की नाही, ते बाईच सांगू शकते."

"शालिनीला न्या."

"ती आली असती तर पिस्तूल कशाला लागलं असतं?"

हे खरं होतं. मी चप्पल घातली.

दुकान गाझियाबादला होतं. काचेच्या कपाटात बंदुका, भिंतीवर देवाचा फोटो, खाली उंच गादीवर मिशीवाला लालाजी. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नाही. लायसन नव्हतं, दिघ्यांनी नुसता अर्ज केला होता. लालाजी म्हणाला, हातात काही मिळणार नाही, लांबून बघा. दिघ्यांनी लगेच खिशातून शिंप्याची टेप काढली.

"ये वाला कितना लंबा है जी?"

लालाजीने स्वतः मोजून दाखवलं. दिघ्यांनी ती लांबी आपल्या पोटावर धरून पाहिली. मग म्हणाले, "बैठने पे चुभेगा."

दुसरं दाखवलं. ते चाकाचं, गोळ्या फिरणाऱ्या चाकात भरायच्या. मजबूत आणि सरकारी कारखान्याचं, पण मध्ये फुगीर. दिघे मला म्हणाले, "वहिनी, हे लावलं तर कसं दिसेल?"

"हर्निया झाल्यासारखं."

तिसरं चपटं होतं आणि देखणं होतं. विलायती, जुनं, कोणा साहेबाचं. दिघ्यांचा चेहरा फुलला. किंमत ऐकली आणि मिटला. त्या पैशात नोएडात आणखी एक खोली आली असती. देशी चपटं होतं ते परवडण्यासारखं, पण लालाजी म्हणाला ते आत्ता शिल्लक नाही, नंबर लावावा लागेल. एवढा मोठा बाजार उघडला, आणि दिघे पुन्हा नंबर लावायच्या रांगेत.

शेवटी लालाजी वैतागला. "साहब, दोनाली ले लो. सस्ती है, दूर से दिखती है. हमारे यहाँ तो लोग शादी में कंधे पे टाँग के जाते हैं."

"दिखनी नहीं चाहिए."

"दिखेगी नहीं तो चोर डरेगा किससे?"

दिघ्यांनी टेप गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मग म्हणाले, "चोर के लिए नहीं है."

लालाजीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हमको मत देखो, हम सिर्फ कपडा देखने को आया." त्याने आम्हा दोघांना थंड पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. परतीच्या बसमध्ये दिघ्यांनी कोटसुद्धा काढून मांडीवर ठेवला.

जून संपता संपता पोलीस चौकीवरून दारोगा आला. लायसन द्यायच्या आधी माणूस कसा आहे, हे ते शेजाऱ्यांना विचारतात. दिघ्यांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं. "सांगा, माणूस फार सज्जन आहे. कधी कुणावर हात उचलला नाही. आवाज चढवत नाही." नोकरीतल्या चाळीस साहेबांना खूश केलेला माणूस. त्याला वाटलं, सज्जनपणाचं सर्टिफिकेट दिलं की सरकार पिस्तूल देतं.

त्यांच्याच बैठकीत बसलो होतो. शालिनी चहा देऊन आत गेली. दारोगा तरुण होता, पोट मात्र वयस्कर. "माताजी, कैसे आदमी हैं ये?"

मी खरं ते सांगितलं. "बहुत अच्छा आदमी. झुरळ भी नहीं मारता. कागज पे उठा के बाहर छोडता है."

"झुरळ?"

"कॉकरोच," दिघे अभिमानाने म्हणाले.

दारोग्याने कप खाली ठेवला. "अंकल, कॉकरोच नहीं मारते तो पिस्तौल का क्या करोगे? लड़के आएँगे, मंगलसूत्र भी ले जाएँगे और पिस्तौल भी. फिर ढूँढ़ना हमें पड़ेगा. सच बताओ, आदमी सामने हो तो गोली चला पाओगे?"

दिघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. याचं उत्तर त्यांनी पढवलं नव्हतं. मग टीपॉयवरचं फुलांचं कापड सरळ केलं.

"नहीं," ते म्हणाले.

"तो फिर?"

"मिसेस को लगना चाहिए, कि अबकी बार मैं खड़ा नहीं रहूँगा." मग मराठीतच पुढे गेले, दारोग्याला कळो न कळो. "ती माझ्याबरोबर बाहेर येत नाही हो. मी शेजारी असूनसुद्धा एकटीच होती ती त्या दिवशी. तिला भीती वाटते. वाटणारच."

स्वयंपाकघरातून शालिनी आली. हात ओले होते, पदराला पुसत होती. दारोग्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मला भीती वाटते म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अगं, तू बाहेर पडत नाहीस—"

"मी चोराला भीत नाही. दुसऱ्या दिवशी आपण गेलो होतो ना त्या वळणापर्यंत? आठवतं? तुम्ही पांढरे फटक पडला होतात. परतताना तुम्ही तीनदा म्हणालात, 'मी काहीच केलं नाही.' म्हणून मी म्हटलं, नकोच तो रस्ता. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतंत. म्हणून काहीच सांगितलं नाही. घरात बसले."

दिघे खुर्चीतून अर्धे उठले.

"तुम्हाला त्या वळणावरून जावं लागू नये म्हणून बसले," शालिनी म्हणाली, "आणि तुम्ही पिस्तुलं मोजत फिरलात!"

दारोग्याला मराठी येत नव्हतं, पण लग्न झालेलं असावं. तो उठला. "अंकल, मैं फिर आऊँ क्या?"

"नको," शालिनी म्हणाली. "नहीं चाहिए. लिख दो, नहीं चाहिए."

दिघ्यांनी मान हलवली. दारोगा गेला. मला उठायला हवं होतं, पण चहा अर्धा राहिला होता, आणि आता निघाले असते तर दोघांच्या मधून जावं लागलं असतं. मी चहा संपवला.  मग शालिनी म्हणाली, "वहिनी, दार ओढून घ्या जाताना," आणि आतून चपला आणायला गेली.

मी वर जाऊन गॅलरीत उभी राहिले. बघायला म्हणूनच उभी राहिले, खोटं कशाला बोलू.

दोघं गेटबाहेर पडले. दिघे साध्या शर्टात, इतक्या दिवसांनी सरळ चालताना बघितले. ट्रान्सफॉर्मरचं वळण आलं तसे त्यांचे पाय जड झाले, ते मला वरूनसुद्धा दिसलं. शालिनी थांबली. तिने त्यांचा हात धरला. आर. के. पुरमला इतकी वर्षं शेजार होता, या दोघांना मी रस्त्यात हात धरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या काळी आमच्यात कोणीच धरत नसे.

तेवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. दिघ्यांनी दचकून मागे पाहिलं, शालिनीला एकदम आतल्या बाजूला केलं, आणि तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे राहिले. गाडीवर दोन्हीकडे कॅन लटकावलेला दूधवाला होता. समोर हात पसरलेला म्हातारा बघून त्याने घाबरून गाडी पार शेतात घातली.

दिघे तसेच उभे होते, बहुधा डोळे घट्ट मिटून. शालिनी मागून काहीतरी म्हणाली, बहुतेक गेला म्हणून. तरी त्यांनी हात खाली घ्यायला बराच वेळ घेतला.