बोट ठेवायला माणूस हवा

शनिवारी सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर गिटार उताणी पडली होती. तिच्या पोटावरची प्लास्टिकची पाटी निघाली होती आणि चष्मेवाला एका डोळ्याला भिंग लावून आत बघत होता. कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता.

"अहो, ताटं कुठे ठेवू?" बायकोनं विचारलं.

"आज मांडीवर घेऊन जेवू."

"आणि हे काय चाललंय?"

"आवाज उजळ करतोय."

बायको हॉस्पिटलात हेड सिस्टर होती. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. ती पेशंटची गय करत नसे, तिथे नवऱ्याची काय कथा? तो हौशी मंडळींच्या ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं गिटार वाजवत होता. प्रत्येक कार्यक्रमानंतर घरी येताना तो विचारायचा, "मी ऐकू आलो का?" आणि ती म्हणायची, "नाही." मागच्या खेपेला तिनं पुढे जोडलं होतं, "आता मी नाही येणार. ऐकू न यायला घर काय वाईट आहे?" हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. आठवडाभर विनवण्या करून त्यानं तिला आजच्यापुरतं कबूल करून घेतलं होतं. आज नाही ऐकू आलो तर संपलं.

दोष गिटारीचा आहे हे त्याला केव्हाच कळलं होतं. आवाज दबका होता, सगळ्यांच्या गर्दीत बुडून जायचा. मोबाइलवरच्या एका दाढीवाल्यानं उपाय सांगितला होता. तारांखाली पिकअप असतात, म्हणजे तारेची थरथर पकडणारे लोहचुंबक. ते बाजूच्या स्क्रूंनी वर घ्या, आवाज खुलेल. चष्मेवाल्याला हसू आलं. तीस वर्षं जो दुकानात बसून चष्म्यांचे डोळ्यांना न दिसणारे स्क्रू पिळत आला, त्याला हा काय स्क्रू शिकवतो!

त्यानं पिकअप वर घेतले. जरा जास्तच घेतले. चुंबक तारांना खाली ओढू लागले आणि एकेक सूर सर्दी झाल्यासारखा डगमगू लागला. म्हणून परत खाली घ्यायला गेला, तर एक स्क्रू पूर्ण सुटला आणि त्याखालची स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली. बायकोनं झाडू आणला. स्प्रिंगबरोबर दोन गोळ्या आणि हरवलेली कानातली रिंग निघाली.

"चला, काहीतरी फायदा झाला," ती म्हणाली.

आता पिकअप बेताच्या उंचीवर बसले, पण आवाज होता तसाच. मग दाढीवाल्यानं पुढचं सांगितलं. टोनच्या बटणाला एक हिरवी गोळी जोडलेली असते, ती वरचे सूर गिळते. ती काढा. चष्मेवाल्यानं ती पक्कडीनं उपटली. तिच्याबरोबर शेजारची एक काळी वायरही सुटून हातात आली. वायरीचं दुसरं टोक लाकडातल्या एका भोकात गेलेलं होतं. इकडे ती कुणाला जोडलेली नाही, तिकडे कुणाला जोडलीय ते दिसत नाही.

इथे त्याच्या पेशानं घात केला. अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच नायलॉनच्या दोऱ्यानं बसवतात आणि उरलेलं टोक फ्रेमलगत साफ कापून टाकतात. टोक लोंबताना दिसलं की चष्मेवाल्याचा हात आपोआप कात्रीकडे जायचा. तसा गेला. वायर भोकालगत कापली गेली, अशी की पुन्हा पकडायला तसूभरही उरली नाही.

त्यानं पाटी बसवली, गिटार घरातल्या लहान स्पीकरला जोडली आणि तार छेडली. काचेसारखा लख्ख सूर निघाला. त्याचे डोळे भरून आले. पण सुराच्या मागे एक घरघर होती. सूर विरला, घरघर राहिली. घूंऽऽ. स्पीकर बंद होईपर्यंत घूंऽऽ.

"गिरणी घातलीत का आत?" बायकोनं आत डोकावून विचारलं. टेबल पुसायला म्हणून तिनं गिटार उचलली आणि घरघर थांबली.

तिनं हात काढला, घूंऽऽ. तिनं हात ठेवला, शांत. शोधाअंती कळलं की वायर खुपसायच्या भोकाची जी लोखंडी चकती असते, तिच्यावर माणसाचं बोट असेल तर गिटार गप्प बसते.

"मग ठेवा की तुमचं बोट."

"अगं, मग वाजवू कुठल्या हातानं? एक हात वर, एक तारांवर. तिसरा आणू कुठून?"

तिनं चकतीवर पातळ पत्रा लावून तो चिकटपट्टीनं त्याच्या मनगटाला बांधला. दोन झटक्यांत पट्टी निघाली. पुन्हा बांधली, पुन्हा निघाली. चार वाजले. ती कापलेली वायर भिंगातूनही दिसत नव्हती. चष्मेवाला खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माझ्या नशिबातच नाही गं. मी फोन करून सांगतो, मला ताप आलाय म्हणून."

"ताप मी मोजते घरातला," बायको म्हणाली. "उठा. एक स्टूल घ्या बरोबर."

ऑर्केस्ट्राचा गायक आणि सर्वेसर्वा म्हणजे चौकातला केमिस्ट. गिटारीशेजारी स्टुलावर वहिनी बसलेल्या बघून तो गडबडला.

"वहिनी, तुम्ही काय वाजवणार?"

"मी काही वाजवत नाही. मी वाजू देत नाही," असं म्हणून तिनं नाडी बघावी तसं चकतीवर बोट ठेवलं.

हॉलच्या मागच्या भिंतीशी साउंडवाला आपल्या टेबलामागे बसला होता. चष्मेवाल्यानं स्टेजवरूनच खुणेनं विचारलं, माझं येतंय का? साउंडवाल्यानं न बघताच अंगठा दाखवला. पायाशी ठेवलेल्या लहान स्पीकरमधून त्याची गिटार त्याला नेहमीप्रमाणे ऐकू येत होती, आणि आज काय आवाज होता! लख्ख! दोन गाणी झाली. स्टुलावर बायको पुतळ्यासारखी बसली होती. त्याला वाटलं, आज खरंच घडणार.

तिसऱ्या गाण्यात तिला शिंक आली आणि बोट सुटलं.

पायाशी घूंऽऽ झालं. चष्मेवाल्यानं डोळे गच्च मिटले. आता लोक ओरडणार, केमिस्ट गाणं थांबवणार. काहीच झालं नाही. त्यानं डोळे उघडले. पहिल्या रांगेतले आजोबा ताल धरून मान डोलावत होते. बायकोनं बोट परत ठेवलं, मग मुद्दाम उचललं. पायाशी घूंऽऽ, आणि हॉलमधल्या चार मोठ्या स्पीकरांत केमिस्टचं गाणं, ड्रम, कीबोर्ड, सगळं स्वच्छ. तिनं एकदा त्या स्पीकरांकडे पाहिलं, एकदा साउंडवाल्याकडे. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की त्यालाही कळलंय.

त्याची गिटार हॉलमध्ये जातच नव्हती. अकरा वर्षं त्यानं फक्त स्वतःच्या पायांना गाणं ऐकवलं होतं. गाण्यात आपण एकट्यानं वाजवायची जागा आली की कीबोर्डवाला हळूच तेच सूर वाजवतो, त्याला तो आजवर प्रेमाची साथ समजत होता. अकरा वर्षांचा रियाज, बोटांचे घट्टे, ती हिरवी गोळी! स्टेज दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. तरी हात सवयीनं वाजवत राहिले.

बायकोनं बोट परत चकतीवर ठेवलं, जणू काही झालंच नाही. चौथ्या गाण्यात त्याची एकट्याची जागा जवळ आली तशी ती वाकून म्हणाली, "आलेच मी," आणि बोट काढून स्टेजच्या पायऱ्या उतरली.

मागच्या टेबलाशी काय बोलणं झालं ते त्याला नंतर शब्दशः कळलं.

"यांचं बटण कुठलं?"

"मावशी, केमिस्टकाकांनीच सांगितलंय की..."

"सिस्टर म्हण. बटण कुठलं?"

साउंडवाल्यानं घाबरून एक बटण दाखवलं. ते पार तळाशी होतं आणि त्यावर धूळ होती. नाडीवरच्या त्याच बोटानं तिनं ते तळापासून थेट वरपर्यंत सरकवलं.

घूंऽऽऽ! चारही मोठे स्पीकर एकदम घरघरले. केमिस्टचा सूर घशात अडकला, कीबोर्डवाल्यानं हात उचलले, पहिल्या रांगेतल्या आजोबांनी कान दाबले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच चष्मेवाला सगळ्यांना ऐकू येत होता, आणि चकतीवर ठेवायचं बोट हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं होतं.

त्यानं स्वतःचा उजवा हात चकतीवर ठेवला. घरघर थांबली. आता तार छेडायला हात नव्हता. म्हणून त्यानं डाव्या हाताची बोटंच तारेवर आपटली, एक, दोन, तीन. काचेसारखे लख्ख तीन सूर शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

तिथून, वॉर्डात हाक मारतात त्या आवाजात, बायको ओरडली, "ऐकू आलात हो! मधला चुकला!"