पायताण आपल्या गावचं

आमच्या गल्लीत कुणी नवी गाडी घेतली की घरोघरी पेढे येतात, आणि पेढ्याच्या मागोमाग गाडीवाल्याच्या दारात दिनकरतात्या जातात. आणखी एक पेढा तोंडात टाकतात आणि म्हण सांगतात. म्हणही आपली नव्हे, ग्रीक. "आमचा स्टाव्रोस म्हणायचा," अशी सुरुवात झाली की शहाण्या माणसानं काढता पाय घ्यावा.

तात्या जन्मभर मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. बोटीचा मालक ग्रीक आणि मुख्य आचारी हा स्टाव्रोस. कांदा चिरता चिरता तो म्हणी सांगायचा आणि मोडक्या इंग्रजीत त्यांचा अर्थही. तात्यांनी त्या सगळ्या कोल्हापुरीत आणल्या. मध्यंतरी तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं छाती फुगवून सांगत होती, फायनलला पाच गोल ठोकणार. तात्या म्हणाले, "घास मोठा घ्यावा, शब्द मोठा काढू नये." पोरं हरली. तेव्हापासून मॅचच्या दिवशी तात्यांना तालमीसमोरून कुणी जाऊ देत नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती. तिचं पहिलं स्थळ पेठ वडगावचं. मुलाचे वडील ऊस, गोठा, बंगला सांगत सुटले. तात्या अगदी प्रेमानं म्हणाले, "चेरी लई हाईत म्हणलं की पाटी ल्हान न्यावी." पाहुण्यांना चेरी फक्त केकवरची माहीत, पण टोमणा बरोबर कळला. पोहे अर्धे टाकून उठले.

दुसरं स्थळ जयसिंगपूरच्या घरातलं, पण मुलगा नोकरीला जर्मनीत. स्वाती त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि मनानं कधीच तिकडे जाऊन पोचली होती. मुलगा सुट्टीवर आला आणि बघायला यायचं ठरलं. त्या दिवशी सकाळीच ती रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"काका, पप्पा कालपासनं एकच म्हण पुटपुटत्यात. पायताण आपल्या गावचं घ्यावं, ठिगळाचं का असंना. म्हणजे जावईबी जवळचाच बघावा. तेवढी तोंडातनं बाहेर पडली की संपलंच सगळं. तुम्ही शेजारी बसा. त्यांनी तोंड उघडलं की लाडू कोंबा!"

मी मुळातच घाबरट. मांडीवर लाडवांची बशी घेऊन बसलो तेव्हा मुलीच्या बापापेक्षा मलाच जास्त घाम फुटला होता. मुलाचे वडील जर्मनीतल्या रस्त्यांचं, पगाराचं, बर्फाचंसुद्धा कौतुक करत होते. तात्यांचे ओठ हलले की मी लाडू पुढे करायचो. स्वयंपाकघराच्या दारात स्वातीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

शेवटी मुलाच्या वडिलांनीच विचारलं, "तुम्ही कायच बोलंना झालाय. पसंत न्हाय का काय?"

बशी रिकामी होती. तात्या मुलाकडे वळले.

"तिकडनं रोज फोन लागतो का?"

"लागतो की. व्हिडिओ कॉलबी लागतो."

"मग माझं कायबी म्हणणं न्हाय. पोरीला पसंत, ते आमाला पसंत."

घरात एकच गलका झाला. मला मात्र रागच आला. सगळ्यांचा जीव टांगणीला लावून माणूस एवढं साधं बोलतो म्हणजे काय? पाहुणे गेल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. वर स्वाती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, पप्पा आज चक्क शहाण्यासारखे वागले.

"तात्या, ती म्हण गिळलीत कशी?"

ते पायरीवर बसले. "बोट बंदराला लागली की फोन मिळायचा. ल्हान पोरीसंगं काय बोलायचं, सुचायचं न्हाय. मग स्टाव्रोसची एक म्हण सांगायची. ती खुदकन हसायची, तवर फोन कट. तेवढंच बोललोय मी तिच्यासंगं. लई वर्सं."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याच्याबी आधीची गोष्ट. पयल्या खेपंवरनं घरी आलतो. ही नुकती बोलाय लागलेली. दारात हीच हुबी. माझ्याकडं बघितलं आन् आत वरडली, 'आई, पावणं आल्यात!'"

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून आवरलं.

"आता हिला तिकडं पोरं हुतील," तात्या म्हणाले. "मी दारात जाऊन हुबारलो, तर तीबी तसंच म्हणतील का वो?"