वर्ज्य औषधांचा रकाना नाहीसा जाहला, त्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. लिहिले ते टिकावे, इतकेच मागोन लेखनास आरंभ केला. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यातील थोरल्या रुग्णालयी जो अनर्थ जाहला तो येणेप्रमाणे. रुग्णालयाचे समस्त दफ्तर संगणकी, त्यात कोष्टके आणि कोष्टकांस रकाने, आणि त्यावर दफ्तरदार भिवाजीपंत तुंगारे नेमिले होते. पंतांची शिस्त ऐसी की, रकाना वाढविणे अथवा काढणे जाहल्यास आधी बदलनोंद लिहावी, मग नकलेवर करोन पाहावे, मग मूळ दफ्तरास हात लावावा. परंतु पंत भिडस्त. हाताखालच्यांस स्वतंत्र परवलीचे शब्द वरून मंजूर होईनात, मग पंतांनी आपलाच शब्द सर्वांस दिल्हा, आणि कोणी काही केले तरी संगणक पंतांचेच नाव लिही.

तों मंत्री पाहणीस येणार ऐसी खबर आली आणि एकच धांदल उडाली. नायब सुभानराव धायबर यांनी, कोणत्या रुग्णास कोणते औषध सोसत नाही त्या वर्ज्य औषधांचे निराळे कोष्टक मंत्र्यांस दाखवावयास करावयाचे मनी आणिले. पंत म्हणाले, "सुभानराव, आधी नोंद करा, नकलेवर बघा." सुभानराव म्हणाले, "पंत, मंत्री दारात आलेत आणि तुम्ही नोंदी कसल्या लिहीत बसता? मागाहून लिहू की!" आणि पंत जेवावयास गेले तों सुभानरावांनी मूळ दफ्तरातील जुना रकाना काढोन टाकिला, आणि त्यातील मजकूर नव्या कोष्टकी न्यावयाचा तो नेलाच नाही. मग मंत्री आले, हारतुरे जाहले, आणि नोंद राहिली ती राहिलीच.

दुसरे दिवशी कृष्णाबाई भोगले नामे वृद्धा तापाने फणफणत आली. तीस पेनिसिलिन सोसत नसे, हे तिच्या लेकाने पूर्वीच लिहविले होते. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिले तों कोरे. कोरे म्हणजे काही वर्ज्य नाही ऐसे समजोन सुई दिल्ही, आणि बाई घटकेत गेली. लेक दफ्तरी येऊन म्हणाला, "मी सांगितलं होतं. तुम्ही लिहून घेतलं होतं. मग ते पुसलं कुणी?"

चौकशी बसली आणि संगणकातून नाव निघाले भिवाजीपंत तुंगारे. पंतांनी शब्द वाटल्याचे सांगितले, तो दुसरा अपराध ठरला, आणि कारकून भयाने मुके राहिले, आणि सुभानराव खाली पाहात बसले. मग पंत बडतर्फ जाहले आणि दफ्तरदारी सुभानरावांस मिळाली. लेक निकाल ऐकावयास आला तेव्हां सुभानराव कळवळोन म्हणाले, "ज्यानं पुसलं त्याला आम्ही घालवलं, बाबा." आणि त्या पोरक्याने सुभानरावांस हात जोडिले.

सारांश, चोर सोडोन संन्याशास सुळी दिल्हे, आणि दफ्तरी तेच खरे म्हणोन लिहिले आहे.