पुढची गाडी निघाली की

मायरन हॅव्रिलुकची बायको व्हर्ना वारल्याचं टॅमरॅक गावाला कळलं, त्या दिवशी मायरनने ते फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं. उरलेली औषधं परत द्यायला तो औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या बाईने व्हर्ना कशी आहे असं विचारलं आणि त्याला खोटं बोलता आलं नाही. "कुणाला सांगू नका," एवढं म्हणून तो घरी परतला. तासाभरात दारात कोबीच्या रोलचं भांडं येऊन पडलं. मग बटाटा भरून उकडलेल्या पेरोगी आल्या, हॅम आणि बटाटे आले, पुन्हा कोबीचे रोल आले. संध्याकाळी फ्रिजचं दार लागेना.

गावाला कळलं याचं मायरनला वाईट वाटलं, कारण त्याने व्हर्नाला शब्द दिला होता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती त्याला बजावून म्हणाली होती, "मला काही नकोय. चर्चमध्ये भाषणं नकोत, तळघरात सँडविच नकोत, गाड्यांची रांग नको. राख घे आणि मला गुपचूप घरी आण. बर्फ वितळला की आईच्या कबरीशेजारी ठेव."

"लोकांना यावंसं वाटेल गं."

"लोकांना यावंसं वाटतं आणि मग रस्ते अडतात. माझं आयुष्य त्यातच गेलंय."

हे मात्र खरं होतं. व्हर्ना नगर कचेरीत सचिव होती. गावाचे वाहतुकीचे नियम नव्याने लिहायचे ठरले, तेव्हा त्यातल्या व्याख्या लिहायचं काम तिच्याकडे आलं. कौन्सिलवाल्यांना वाटलं, एका आठवड्याचं काम आहे. तिने त्यात अख्खा हिवाळा घातला. रोज जेवताना ती मायरनला नवी व्याख्या ऐकवायची. गाडी म्हणजे काय, फुटपाथ म्हणजे काय, चालक म्हणजे कोण.

"आता हे ऐक. गाडी थांबवणं वेगळं, उभी करणं वेगळं आणि लावून ठेवणं वेगळं."

"तिन्हीत गाडी हलत नाही ना?"

"नाही."

"मग मला तरी काही फरक दिसत नाही."

"म्हणून तर तुला दंड होतो," व्हर्ना म्हणायची आणि त्याच्या ताटात आणखी बटाटा वाढायची.

एप्रिलमध्ये अंत्यसंस्कार गृहातून फोन आला की राख तयार आहे, केव्हाही या. मायरनने चांगला शर्ट घातला आणि निघाला. तिथे पोहोचला तर आवार गाड्यांनी भरलेलं. आज जेक थीसनचा अंत्यविधी होता. पेपरात वाचूनही मायरन ते विसरला होता. गाडी लावायला कुठेच जागा नव्हती. फक्त फाटकाजवळच्या रांगेत सगळ्यांत पुढची एक जागा रिकामी होती. मायरनने देवाचे आभार मानले आणि पिकअप तिथे लावली.

ती जागा रिकामी का आहे, हा प्रश्न त्याला पडला नाही.

तो आत गेला आणि कोरी बाहेर आला. कोरी तिथे नवा होता आणि मन लावून काम करायचा. दफनभूमीपर्यंत जाणाऱ्या गाड्या या रांगेत लावायच्या, प्रत्येकीच्या टपावर चुंबकाचा जांभळा झेंडा चिकटवायचा आणि चालकाला सांगायचं, 'दिवे चालू ठेवा, पुढची गाडी निघाली की निघायचं,' एवढं त्याला शिकवलं होतं. त्याने रांगेतल्या एकूण एक गाडीवर झेंडा लावला. पहिल्या गाडीत कुणी नव्हतं, म्हणून तिच्या चालकाला काही सांगायचं राहून गेलं.

आत मायरनच्या हातात एक खोकं दिलं गेलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते लहान होतं आणि त्यापेक्षा जड. तो मागच्या दाराने बाहेर पडला, खोक्याकडे बघत बघतच पिकअपपर्यंत आला आणि ते शेजारच्या सीटवर ठेवलं. इंजिन सुरू करताच गाडी टिं टिं करायला लागली. शेजारी कुणी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही, अशी तिची तक्रार होती.

"बरं," मायरन म्हणाला आणि त्याने व्हर्नाला पट्टा लावला. गाडी गप्प झाली. मायरनला मात्र मिनिटभर समोरचं नीट दिसेना. मग त्याने डोळे पुसले आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

ती पहिली जागा जिच्यासाठी राखली होती ती शववाहिका अजून आलीच नव्हती, जेक थीसनची शवपेटी आतच होती. पेटी उचलणाऱ्यांपैकी एकाचा हातमोजा सापडत नव्हता. बाहेर थंडीमुळे सगळे गाड्यांत बसून होते, इंजिनं चालू होती. पुढची गाडी निघाली. मग सगळे निघाले.

खोकं हलू नये म्हणून मायरन अगदी सावकाश चालवत होता. धान्याच्या कोठारापाशी त्याने आरशात पाहिलं तर मागे गाड्यांची लांबलचक रांग. आपण लोकांना खोळंबून ठेवलंय असं वाटून तो ओशाळला. त्यांना पुढे जाता यावं म्हणून त्याने गाडी उजव्या कडेला घेऊन थांबवली. मागची गाडी कडेला आली आणि थांबली. तिच्या मागची थांबली. पार वळणापर्यंत सगळ्या थांबल्या.

"या ना पुढे," मायरन आरशाला म्हणाला. कुणी आलं नाही. तो निघाला, तशा त्याही निघाल्या.

समोरून धान्याचा ट्रक येत होता. तो कडेला थांबला, चालकाने टोपी काढून छातीशी धरली. पुढे पावाची गाडी थांबली. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती थांबली, आणि कुत्र्यालाही तिने बसायला लावलं. हे सगळं व्हर्नासाठीच होतं, मायरनला शंकाच उरली नाही. औषधाच्या दुकानातल्या त्या बाईने कोणता दिवस, कोणती वेळ, सगळं गावाला सांगितलेलं दिसत होतं. शेजारच्या सीटकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"मी कुणालाही सांगितलं नाही," तो समोर बघतच म्हणाला.

गावातला एकुलता एक सिग्नल त्याने हिरवा असताना ओलांडला. मागे तो लाल झाला, तरी रांग तुटली नाही. आता यांना चुकवायचंच असं ठरवून तो पेट्रोल पंपात शिरला, पंपांना वळसा घालून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला. रांगही शिरली. पंपांभोवती फिरून ती बाहेर येत होती, तरी तिचं शेपूट अजून आत शिरतच होतं. टाकी भरत असलेल्या एका माणसाने आदराने मान खाली घातली आणि पेट्रोल त्याच्या बुटांवर सांडलं.

शेवटी मायरनने एकच केलं. तो घरी गेला. त्याचं घर बंद गल्लीच्या टोकाला होतं. त्याच्या मागोमाग सगळी रांग गल्लीत शिरली आणि मग कुणालाच पुढे जाता येईना की मागे.

नगर कचेरीचा नियम-निरीक्षक डर्क पेनर गल्लीच्या तोंडाशी गाडी सोडून चालत आला. सिग्नलबद्दल फोन आला होता, पंपावरूनही आला होता.

"मायरन, ही अंत्ययात्रा तुम्ही आणलीत?"

"मी फक्त घरी आलोय रे, डर्क. हे लोक का आलेत ते त्यांनाच विचार."

"मग टपावर झेंडा कशाला?"

मायरनने उतरून वर पाहिलं. झेंडा त्याला तेव्हा दिसला.

एवढ्यात दुसऱ्या गाडीची काच खाली झाली. आत जेकची बायको आगाथा बसली होती. स्टिअरिंगवर तिचा मुलगा अर्नी होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"अर्नी, ही काय दफनभूमी आहे होय?"

"आई, त्या पोराने सांगितलं, पुढची गाडी निघाली की..."

"तुझे बाबा कुठायत?"

अर्नीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "तिकडेच राहिलेत."

आगाथाचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं समजून मायरन पुढे झाला, तर ती हसत होती.

"जन्मभर त्याने मला गाडीत बसवून ठेवलं," ती डोळे टिपत म्हणाली. "'दोन मिनिटांत आलो' म्हणायचा आणि खिळ्यांच्या दुकानात तास काढायचा. आज बघू दे त्यालाही वाट."

डर्कला मात्र हसता येत नव्हतं. त्याने फोनवर नियम उघडले. "मी काय करू सांगा. लाल दिवा फक्त अंत्ययात्रेलाच ओलांडता येतो. आणि अंत्ययात्रा म्हणजे," तो वाचू लागला, "'मृत व्यक्तीचे अवशेष नेणारे कोणतेही वाहन, आणि त्यामागून दिवे व झेंडे लावून चालणारी एक किंवा अधिक वाहने.' अवशेष तर तिकडे राहिलेत. मग ही अंत्ययात्रा नाहीच. यात बसलेल्या प्रत्येकाला मला दंड लावावा लागेल, आगाथालासुद्धा."

मायरनने पिकअपकडे पाहिलं. आत्ता गप्प बसलं की व्हर्नाला दिलेला शब्द राहणार होता आणि नवऱ्याला पुरायला निघालेल्या बाईच्या घरावर दंड बसणार होता. बोललं तर व्हर्ना सगळ्या गावासमोर येणार होती. त्याने बूट जमिनीवर घासले.

"पुढच्या सीटवर आहे," तो म्हणाला. "पट्टा लावलाय."

डर्क पिकअपपाशी गेला, आत वाकून पाहिलं आणि हळूच टोपी काढली.

"व्हर्ना?"

"व्हर्नाच."

"ही व्याख्या तिचीच," डर्क म्हणाला. "कौन्सिलला त्यात फक्त शववाहिकाच हवी होती. ती म्हणाली, आपल्याकडे लोक आपली माणसं पिकअपमधून नेतात, त्यांना का लाल दिव्याला थांबवायचं. 'कोणतेही' या एका शब्दावरून दोन बैठका चालल्या." त्याने फोन खिशात टाकला. "यात कायद्याबाहेरचं काहीच नाही. सगळं नियमात बसतंय."

आगाथा अर्नीचा हात धरून गाडीतून उतरली. "तिचा विधी कधी आहे?"

"नाहीये. तिला नको होतं. गर्दीही नको होती."

"पण आम्ही तर आलोच आहोत," आगाथा म्हणाली. ती पिकअपजवळ गेली आणि दारावर हात ठेवून उभी राहिली.

मग एकेक जण उतरला. कुणी भाषण केलं नाही. एक म्हणाला, माझं कुंपण वीतभर रस्त्यात आलंय म्हणून तिने ते मला दोनदा हलवायला लावलं, आणि बरोबरच होतं. एक बाई म्हणाली, घराची कागदपत्रं सापडेनात तेव्हा व्हर्ना जेवणाची सुट्टी सोडून कचेरीच्या तळघरात शोधत बसली होती. एक जण नुसतंच "चांगली होती" म्हणाला आणि नाक शिंकरत मागे गेला. मायरन प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होता. मान हलवता हलवता त्याची मान दुखायला लागली. शब्द मोडला होता आणि त्याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गेले कित्येक दिवस छातीवर ठेवलेला धोंडा या सगळ्यांनी मिळून थोडा उचलला होता.

मग गल्लीतून एकेक गाडी मागे काढावी लागली. डर्क हातवारे करत होता आणि थीसनांचा एक पुतण्या मायरनची पत्रपेटी पाडून निघून गेला. मायरन त्यांच्याबरोबर जेकला पोहोचवायला गेला. व्हर्ना पुढच्या सीटवरच होती. या वेळी शववाहिका सगळ्यांत पुढे होती आणि कोरी स्वतः तिच्यात बसला होता, चुकून कुणी पुढे निघू नये म्हणून.

परतताना आगाथा म्हणाली, "व्हर्नाला ठेवशील तेव्हा आम्हाला सांग. आम्ही येऊ. गुपचूप येऊ."

"सांगेन," मायरन म्हणाला. "बर्फ जाऊ दे."

बर्फ जाऊन बरेच दिवस झाले. तिच्या आईच्या शेजारची जमीन आता मऊ आहे, फावडं सहज शिरतं. आगाथाने दोनदा फोन करून विचारलं. मायरनने अजून तारीख ठरवलेली नाही.